गरिबीवर बोलायला सभागृह का नाही?

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारच्या फलकावर तुम्ही लावलेली सूचना वाचली. रविवारी संध्याकाळी वरच्या सभागृहात होणारी अर्थचर्चा बंद, त्या वेळेत शेअर मार्केटचा प्रशिक्षण वर्ग सुरू, आणि यामागे ‘वादग्रस्त विषय टाळून वाचकांच्या आर्थिक प्रगतीस हातभार लावण्याचा मानस’ आहे, असं त्यात म्हटलं आहे. यावर मी आधी मंडळाला साधं पत्र दिलं होतं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचनालय तुमच्या-माझ्या घरचं नाही, सभासदांच्या वर्गणीवर आणि शासनाच्या अनुदानावर चालतं, त्यामुळे सगळ्यांनी वाचलं तर बिघडत नाही.

मी आजीव सभासद आहे. नोकरी एका पतसंस्थेत, हिशेब विभागात. संध्याकाळी पेठेतल्या काही बचत गटांच्या वह्या लिहून देते. म्हणजे दिवसभर माझ्यासमोर लोकांचे पैसेच असतात. कुणाचे थकलेले, कुणाचे वाढलेले. हे लोक असे का अडकतात आणि ते लोक तसे का वाढतात, हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो काउंटरवर पडला. पण त्याची उत्तरं शोधायची जागा मला या वाचनालयाने दिली होती, आणि ती तुम्ही काढून घेतलीत. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती लहान नाही.

तिथे काय चालायचं, हे मंडळातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नाही. म्हणून एक प्रसंग सांगते.

एक ताई आल्या होत्या. धुण्याभांड्याची कामं करतात. एका खासगी फायनान्सकडून तीस हजारांचं कर्ज घेतलं होतं, वर्षाची मुदत, व्याज बारा टक्के. हप्ता २,८०० रुपये. त्यांचं म्हणणं, बँकेतही बारा टक्के आणि इथेही बारा टक्के, मग बँकेतल्यापेक्षा हप्ता जास्त कसा? फळ्यावर मांडलं. फायनान्सवाल्यांनी तीस हजारांवर वर्षाचं व्याज ३,६०० धरलं, बेरीज ३३,६०० केली आणि बाराने भागलं. पण ताई तर दर महिन्याला मुद्दल फेडत होत्या. सहा हप्ते झाले की त्यांच्याकडे जेमतेम अर्धं मुद्दल उरतं, आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण तीस हजारांवरच. घटत्या शिलकेवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच, हिशेब केला की हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. बँकेच्या बारा टक्क्यांत हप्ता २,६६५ च्या आसपास बसला असता.

आता इथे थांबलो असतो तर ती तुमच्या सूचनेतली ‘आर्थिक प्रगती’ झाली असती. फसू नका, दर नीट विचारा, सही करण्याआधी वाचा. चांगलंच आहे. पण ताई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, “ते कळलं ओ. पण ज्याच्याकडं पैसा हाय त्याला नऊ टक्क्यानं आणि मला एकवीसनं, हे कोण ठरवतंय?”

त्यावर तासभर चर्चा झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांनी छोट्या कर्जाचा खर्च समजावला: तीस हजारांच्या कर्जाला जेवढी कागदपत्रं आणि फेऱ्या लागतात, जवळपास तेवढ्याच तीस लाखांच्या कर्जाला लागतात, शिवाय तारण नाही, मग दर चढतो. पटण्यासारखं होतं. मग एका गटाच्या अध्यक्षांनी विचारलं, आमच्या बचत गटात तर आम्ही महिन्याला दोन टक्के घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस, मग आम्हीही सावकारच का? काही क्षण कुणाला बोलायला सुचलं नाही. शेवटी उत्तर निघालं ते असं: दर चोवीस असला तरी ते व्याज गटातच राहतं आणि वर्षअखेरीला सभासदांमध्ये वाटलं जातं. फायनान्सचं एकवीस टक्के पेठेबाहेर जातं. नुसत्या दरावरून काही कळत नाही, व्याज शेवटी कुणाच्या घरात जातं ते बघावं लागतं. ज्या बाईला सकाळी सातला दुसऱ्याच्या घरी भांडी घासायची आहेत, ती रविवारी संध्याकाळी मालकी आणि व्याज यांचा संबंध समजून घेत होती. हे वादग्रस्त?

तुमच्यातल्या एका सदस्यांनी जिन्यात मला विचारलं होतं, “गरिबीवर चर्चा करून कुणाची गरिबी गेली?” प्रश्न कुत्सित होता, पण रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. तुमच्यातल्या नोकरदारांचाही कापला जातो. हा कर १९७५ साली का बसवला, असं एकदा विचारलं तर सभागृहातल्या निम्म्या पगारदारांना सांगता आलं नाही. तो रोजगार हमी योजनेसाठी होता. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, तेवढीच भर शासनाने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मागेल त्या हाताला काम द्यायचं. ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. ते सांगली जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. पहिला प्रयोग तिथेच, तासगाव तालुक्यात झाला, मग १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. २००५ साली केंद्राने रोजगाराचा कायदा केला तेव्हा समोर उदाहरण महाराष्ट्राचंच होतं. गरीब माणूस आळशी आहे म्हणून उपाशी आहे की काम नाही म्हणून उपाशी आहे, या एका प्रश्नावर कुणीतरी आधी डोकं लावलं, लोकांशी बोललं, म्हणून हे झालं.

दुसरं उदाहरण उसाचं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याच्या जोडीला धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते, आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. कारखाना उसवाल्यांच्याच मालकीचा असू शकतो, हा त्या काळी पर्यायी विचार होता. आज आपल्या जिल्ह्यात त्याच विचारावर उभ्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. त्यांचं पुढे काय झालं, सभासद मालक उरला की नुसता ऊस घालणारा झाला, हेही आम्ही बोललो. तेव्हा आवाज चढले, कबूल. उसावर आवाज न चढवता बोलणारा कोल्हापूरकर मी अजून पाहिलेला नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम इथे चहाच्या गाड्यावरचा माणूस तोंडपाठ सांगतो. त्याला तुम्ही अर्थशास्त्र वादग्रस्त आहे म्हणून सांगणार?

आणि राजर्षी शाहूंचं नाव तर आपण प्रत्येक कार्यक्रमात घेतो, फोटोला हार घालतो. १९०२ साली पन्नास टक्के जागा राखीव ठेवणं, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणं, १९१८ मध्ये महार वतनाच्या बेड्या तोडणं, हे सगळं त्या काळच्या शहाण्यासुरत्यांना वादग्रस्तच वाटलं होतं. ते संपत्ती आणि संधी कुणाकडे का आहे, या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं. त्यांच्याच कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ उजाडलं.

आता तक्रारी. एकेक करून लिहिते, म्हणजे उत्तरही एकेक करून देता येईल.

पहिली, निर्णयाच्या पद्धतीची. सर्वसाधारण सभेत हा विषय आला नाही. अर्थचर्चेला येणाऱ्या एकाही सभासदाला विचारलं नाही. आम्हाला फलकावरून कळलं. बाकी काही नाही तरी निदान रीत म्हणून.

दुसरी, ‘वादग्रस्त’ या कारणाची. तुमच्यापैकी काहींचा समज आहे की हा डाव्यांचा अड्डा होता. रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे, त्यातले विषय काढून बघा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मांडणीवर दोन रविवार गेले: शेतकऱ्याला मदत नको, बाजार मोकळा करा, सरकारनेच शेतमालाचे भाव पाडून त्याला गरीब ठेवलंय. त्यानंतर इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराने विचारलं की सुताचा आणि धान्याचा भाव वाढला तर माझ्या मजुरीचं काय? दोघांनाही टाळ्या पडल्या. डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचला. जमिनीचे तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर रिकामा बसलेला माणूस उद्योगाकडे वळला पाहिजे, असं त्यात आहे. गुंठ्यांवर ऊस लावणाऱ्यांना ते अजिबात आवडलं नाही. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाचं १८७९ सालचं म्हणणंही ऐकवलं: जमिनीचा वाढीव भाव समाजामुळे वाढतो, तर कर कष्टावर न लावता त्या भावावर लावा. बायपासला लागून जमीन असलेले एक गृहस्थ उठून गेले आणि पुढच्या रविवारी परत आले. लाडकी बहीणच्या १,५०० रुपयांवर तर घराघरातलं भांडण सभागृहात आलं. ही एका पक्षाची शाखा असती तर एवढी भांडणं झाली असती का?

ज्या गावाने फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांना गमावलं, त्या गावातल्या वाचनालयाने चर्चा बंद करण्यासाठी हा शब्द वापरताना दोनदा विचार करायला हवा होता. याहून जास्त लिहीत नाही.

तिसरी, जागी काय आणलं त्याची. शेअर बाजाराला माझा विरोध नाही. माझ्याही म्युच्युअल फंडात दोन पैसे आहेत. पण वर्गाच्या जाहिरातीत ‘ऑप्शन्समधून दरमहा उत्पन्न’, म्हणजे शेअरचा भाव पुढे काय होईल यावरच्या सौद्यांतून कमाई, असं छापलंय आणि खाली आपल्या वाचनालयाचं नाव आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःचा अभ्यास प्रसिद्ध केला: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स या असल्याच सौद्यांमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हा आकडा त्या वर्गात फळ्यावर लिहिला जातो का? जादा परताव्याच्या नादात या जिल्ह्यातली किती घरं पोळली, ते तुम्हालाही माहीत आहे. एक बाई व्याजाचा दर विचारते ते वादग्रस्त आणि पोरांना ऑप्शन्स शिकवायचे ते निर्धोक, हा न्याय माझ्या डोक्यात बसत नाही.

आणि समजा वर्ग अगदी प्रामाणिक आहे. तरीही तो अर्थचर्चेची जागा घेऊ शकत नाही. २०१९ च्या पुरानंतर आपण पोहण्याचे क्लास लावून गप्प बसलो नाही. अलमट्टीचं पाणी, नदीपात्रातली बांधकामं, धरणांचा विसर्ग यांवर भांडलो, कागद मागवले. जागतिक विषमता अहवाल २०२२ सांगतो की देशाच्या उत्पन्नातला ५७ टक्के वाटा वरच्या दहा टक्क्यांकडे जातो आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येला १३ टक्के मिळतात. या निम्म्या लोकांना एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा थोडे पैसे टाकणं, शिकवा, जरूर शिकवा. पण आकडा असा का, हे विचारायला त्यांना कुठे पाठवणार?

चौथी, पुस्तकांची. अर्थशास्त्राचं कपाट खालच्या दालनातून माळ्यावर गेलंय आणि त्याला कुलूप आहे. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांचा १९७१ चा गरिबीचा अभ्यास मागितला तर ग्रंथपाल बिचारे किल्ली शोधत फिरतात. पुण्यात बसून या दोघांनी देशातली गरिबी मोजली: १९६०-६१ च्या किमतींनी गरिबीची रेषा खेड्यात माणशी महिना १५ रुपये खर्चाची, शहरात साडेबावीस. पुढे सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरातली रेषा महिना १,००० रुपये निघाली, म्हणजे दिवसाला ३३. त्या पैशात कोल्हापुरात काय येतं याची यादी आम्ही केली होती. मिसळीपर्यंत पोचलोच नाही. ही चर्चा पुस्तक हातात असल्याशिवाय होत नाही. कपाटाच्या जुन्या जागी आता ‘करोडपती व्हा’ छापाची पुस्तकं आहेत, एकेकाच्या तीन-तीन प्रती. स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी घेतलेल्या पुस्तकांबद्दल मी बोलत नाही, ती हवीतच.

पाचवी, वेळेची. रविवार पाच ते सात ही वेळ आम्ही बायकांनी मागून घेतली होती, कारण सातनंतर घरी स्वयंपाक आणि आठवड्याच्या दिवशी कामं. कार्यवाह तोंडी म्हणाले, “बुधवारी दुपारी बसा की.” बुधवारी दुपारी कोण मोकळं असतं, ते सांगायला नको.

तुमची अडचण मला कळते. अनुदान वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांना जो पगार मिळतो तो सांगायचीही लाज वाटते, छत गळतंय आणि वर्गवाले भाडं देतात. हिशेब हाच माझा धंदा आहे, त्यामुळे भाड्याला मी नाकं मुरडणार नाही. पण मग तसं लिहायचं होतं. पैशाची गरज आहे असं फलकावर लिहिलं असतं तर आम्ही माणशी वीस रुपये काढले असते, छतासाठी वर्गणी फिरवली असती. गरज पैशाची आणि कारण दिलं विचारांचं, हे मला खटकलं.

आमच्या मागण्या अशा:

रविवारी पाच ते सात सभागृह अर्थचर्चेला परत द्यावं. वर्गाला शनिवार द्या, रविवारची सकाळ द्या, आमची हरकत नाही. लागल्यास वाजवी भाडं आम्ही देऊ, पावतीसह.

‘वादग्रस्त विषय टाळून’ हे शब्द फलकावरून आणि इतिवृत्तातून काढावेत. पुढे कुठलाही उपक्रम बंद करायचा तर त्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत यावा.

वाचनालयाच्या नावाने होणाऱ्या कोणत्याही गुंतवणूक वर्गात सेबीचा तो आकडा पहिल्याच दिवशी सांगितला जावा, आणि ‘दरमहा उत्पन्न’वाल्या जाहिरातीवरून आपलं नाव आजच काढावं. यात उद्यापर्यंत थांबू नका.

अर्थशास्त्राचं कपाट खाली आणावं, कुलूप काढावं. पुस्तक खरेदीचा काही भाग दरवर्षी गरिबी, सहकार, शेती, कर आणि श्रम या विषयांवरच्या मराठी पुस्तकांसाठी ठेवावा. त्यात सगळ्या बाजू असाव्यात. बाजारवाले, सहकारवाले, समाजवादी, गांधीवादी, कुणी सुटू नये. यादी करायला आम्ही मदत करू.

आणि मंडळातल्या दोघांनी तरी एकदा चर्चेला येऊन बसावं. बोललं नाही तरी चालेल.

बंद पडण्याआधी पुढच्या रविवारचा विषय ठरलेला होता: शहरातली घरपट्टी मोठ्या बंगल्याला आणि दोन खोल्यांच्या घराला कशी बसते. टिपणं तयार आहेत. सभागृह मिळालं तर तिथे, नाहीतर वाचनालयाच्या बाहेरच्या कट्ट्यावर आम्ही पाच वाजता बसणार आहोत. फळा आमचा आम्ही आणू.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं आणि जिथे सूचना लावली त्याच फलकावर लागावं, ही विनंती.

आपली,
एक आजीव सभासद
कोल्हापूर